खिचडीच्या चुलीकडून अंगणवाडीच्या अंगणात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

शाळा म्हटली की डोळ्यांसमोर उभे राहतात ते गुरुजी, फळा आणि पाटी-पुस्तके. परंतु शाळा केवळ गुरुजींच्या बळावर चालत नाही. सकाळी वर्ग झाडून काढणारी, पिण्याचे पाणी भरून ठेवणारी, दुपारची खिचडी शिजवून ती शे-सव्वाशे ताटांत वाढणारी आणि खेळताना पडलेल्या पोराचा गुडघा धुऊन त्याला उगी करणारी एक बाई प्रत्येक शाळेच्या मागल्या दारी असते. मुले तिला ‘मावशी’ म्हणतात. सरकारी कागदपत्रांत ती ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असते. शाळेच्या वार्षिक छायाचित्रात ती बहुधा नसतेच.

ही मावशी एके दिवशी शाळेतले काम सोडून गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाऊ पाहते. वरवर पाहता ही अगदी क्षुल्लक घटना. एका बाईने एक किरकोळ काम टाकून दुसरे किरकोळ काम धरले, एवढेच जगाला दिसते. परंतु या शंभर पावलांच्या वाटेवर आपल्या समाजव्यवस्थेतील तीन मोठे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. श्रमाला श्रम म्हणायचे की नाही, हा पहिला. बायकांच्या अंगी असलेल्या कौशल्याला मोल द्यायचे की नाही, हा दुसरा. आणि गरिबाच्या मुलाच्या वाढीची पहिली सहा वर्षे कोणाच्या हाती, कोणत्या परिस्थितीत सोपवायची, हा तिसरा. आजच्या विवेचनाचा विषय हा असा आहे.

प्रथम ती शाळा का सोडते, ते पाहू. प्राथमिक शाळांतील पोषण आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, तेव्हा शिजवलेले गरम अन्न देणे राज्यांना भाग पडले. अन्न शिजवायचे म्हणजे शिजवणारे हात हवेत. ते हात गावातल्या गरीब बायकांचे होते. त्यांत विधवा, परित्यक्ता आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या कामाचा मोबदला केंद्राने १ डिसेंबर २००९पासून दरमहा १००० रुपये ठरवला, आणि तोही वर्षातील दहाच महिन्यांचा. त्यानंतरच्या दीड दशकात महागाई कोठल्या कोठे गेली, पण केंद्राने तो आकडा हलवला नाही. राज्यांनी आपापल्या पदरची भर घातली, ती कोठे थोडी, कोठे बरी. तरीही किमान वेतनाशी त्या रकमेची तुलना करायला गेले, तर लाज वाटावी अशी स्थिती राहिली.

त्यात कामाची शाश्वती नाही. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, शंभरांपर्यंत दोन आणि पुढे दर शंभर मुलांमागे आणखी एक, असे प्रमाण ठरलेले आहे. पटावरची मुले कमी झाली की एक बाई कमी होते. शहरांतून केंद्रीय स्वयंपाकगृहे आली, एकाच ठिकाणी हजारोंचा स्वयंपाक होऊन तो गाड्यांतून शाळाशाळांत जाऊ लागला, आणि बचत गटांच्या बायकांच्या हातचे काम गेले. मे महिन्यात शाळेची चूल विझते, तेव्हा त्या चुलीवर काम करणारणीच्या घरची चूलही मंदावते. अशा बाईने वर्षाचे बाराही महिने काही ना काही हाती पडेल, अशा कामाकडे पाहावे, यात नवल ते काय?

आता ती जिकडे जाते तिकडची अवस्था पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व अनौपचारिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा अशा सहा सेवा एका छपराखाली आणण्याची ही कल्पना होती आणि कल्पना म्हणून ती थोर होती. पण ही सारी इमारत ज्यांच्या खांद्यांवर उभी केली, त्या सेविका आणि मदतनीस यांना सरकारने ‘मानसेवी’ ठरवले. त्यांना वेतन नसते, मानधन असते. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८पासून सेविकेचे मानधन ३००० रुपयांवरून ४५०० रुपये आणि मदतनिसाचे १५०० वरून २२५० रुपये केले. यातही राज्यांची भर निराळी असते. म्हणजे शाळेच्या चुलीपासून अंगणवाडीच्या दारापर्यंत येताना मावशी एक पायरी वर चढते हे खरे. पण ती पायरी त्याच तळघरातली आहे, हेही तितकेच खरे.

‘मानधन’ हा शब्द मोठा फसवा आहे. मान देऊन धन द्यायचे टाळण्याची ती युक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात निर्णय दिला की अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे. ४५व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळावी. परंतु ती शिफारस कागदावरच राहिली. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच त्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या लाभास पात्र असल्याचे म्हटले. सोळा वर्षांत न्यायालयाची भाषा एवढी बदलली, यामागे या बायकांनी रस्त्यावर काढलेली उन्हातान्हातली वर्षे आहेत, हे कोणत्याही कार्यकर्त्याने विसरू नये. शाळेच्या स्वयंपाकिणीपर्यंत मात्र हा आधार अजून पोचलेला नाही.

येथवर मोबदल्याचा विचार झाला. परंतु श्रमिकांच्या चळवळीने केवळ मोबदल्याचा विचार करून थांबणे योग्य नाही. कामाचे स्वरूपही पाहिले पाहिजे. कारण मावशी शाळेतून अंगणवाडीत येते, तेव्हा तिचे कामच बदलते.

शाळेत तिच्यासमोर सहा वर्षांवरचे मूल असते. त्याला भूक लागली तर ते सांगू शकते आणि घंटा झाली की ताट घेऊन रांगेत बसते. पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हा हिशेब तिला पाठ असतो. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांचे मूल येते. त्याच्या आहारासाठी २०२३ पर्यंत ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असा हिशेब होता. आकडे जवळपास तेच, पण मूल मात्र तेच नाही. ते घंटा जाणत नाही. आईने हात सोडला की तासभर रडते. ताटातले खाता खाता झोपी जाते. त्याचे पोट दुखते की त्याला घरची आठवण येते, हे त्यालाच उमगत नाही. ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. त्याचे वजन करायचे, उंची मोजायची, दंडाचा घेर फितीने पाहायचा. तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, तर ते मूल तीव्र कुपोषणाच्या खाईत आहे आणि त्याला आरोग्य केंद्रात पोचवण्यात दिरंगाई चालणार नाही, हे जाणायचे. या कामात हयगय झाली तर एक जीव जातो. आणि तरी या कामाला ‘अकुशल’ म्हणतात!

शाळेतून येणारी मावशी या कामासाठी रिकाम्या हाती येत नाही. कोणत्या घरचे पोर सोमवारी अधाशासारखे जेवते आणि त्यावरून त्या घरात रविवारी काय शिजले असेल, याचा अंदाज तिला गुरुजींच्या आधी येतो. भांड्यांची स्वच्छता, धान्याची निवड, अन्न नासल्याची खूण, पन्नास मुलांत भांडण न होऊ देता वाढप करणे, हे तिने वर्षानुवर्षे केलेले असते. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिची भाषा. मेळघाटात कोरकू, पालघर-डहाणूकडे वारली, गडचिरोलीत गोंडी, सातपुड्यात भिली बोलणारे मूल जेव्हा प्रथमच घराबाहेर पडते, तेव्हा पाठ्यपुस्तकी मराठी त्याला परक्या मुलखातली वाटते. त्याच पाड्यावरची मावशी त्याच्याशी त्याच्या आईच्या बोलीत बोलते. घर आणि शाळा यांच्यामधला पूल म्हणून कोणी उभे राहत असेल, तर ती उभी राहते.

परंतु अनुभवाचा गौरव करताना भाबडेपणाही नको. शाळेने तिला काही चुकीच्या सवयीही लावलेल्या असतात. रांग मोडली की ओरडायचे, आवाज झाला की दटावायचे, मूल हलले की ते वाह्यात, ही शाळेची शिस्त तिच्या अंगवळणी पडलेली असते. बालवाडीत हे सारे विसरावे लागते. तेथे मूल चिखलात हात घालते ते शिकण्यासाठी, एकच गोष्ट दहा वेळा विचारते ती समजण्यासाठी. तेथे उभे राहून हुकूम सोडणारी बाई उपयोगाची नाही. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर जमिनीवर बसणारी हवी. ही दृष्टी उपजत नसते, ती शिकावी लागते. म्हणून प्रशिक्षण हा तिचा हक्क आहे आणि मुलाचाही.

महाराष्ट्रात हे शास्त्र नवे नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंना जाणवले की हे शिक्षण शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतेच राहू लागले आहे. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्यासोबत आल्या. म्हणजे शाळा सोडून बालवाडीत येण्याची ही वाट एका थोर स्त्रीने फार पूर्वी चालून दाखवली आहे, आणि कोणी तिला अधोगती म्हटले नाही. बोर्डीत दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात वर्ग भरवू लागल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून निघाला आणि नंतर साऱ्या देशाने तो उचलला. महागड्या परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम हलले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या. कारण साधे होते. कडेवर धाकटे भावंड घेतलेली मुलगी शाळेत येऊ शकत नाही. भावंडाला पाळणाघर मिळाले की ताईला शाळा मिळते. शाळा आणि पाळणाघर ही एकाच वेलीची दोन पाने आहेत, हे त्या टेकडीवर सिद्ध झाले. मग त्या दोहोंत काम करणाऱ्या बायका दोन खात्यांच्या दोन रजिस्टरांत अशा अलग का पडाव्यात?

आज ही वाट अधिकच अरुंद होत चालली आहे. मिशन सक्षम अंगणवाडीच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी नेमणुकीसाठी १८ ते ३५ अशी वयोमर्यादा घातली. महाराष्ट्रात २०२३ पासून मदतनिसाच्या भरतीलाही बारावी उत्तीर्ण होण्याची अट आली. पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून सेविकांची निम्मी पदे भरावीत, अशी चांगली तरतूद त्या सूचनांत आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शाळेच्या चुलीवर दहा-पंधरा वर्षे घालवलेली, चाळिशीला आलेली, आठवीत शिक्षण सुटलेली बाई या चौकटीत कोठेच बसत नाही. तिची ती वर्षे सरकारच्या लेखी शून्य आहेत. शून्यात कितीही वर्षे मिळवली, तरी जेथे सेवा ही सेवाच मानलेली नाही, तेथे सेवाज्येष्ठता येणार कोठून?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिकपणे घेतला जात असेल तर त्याला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा की, श्रीमंतांच्या मुलांना प्रशिक्षित शिक्षिका आणि गरिबांच्या मुलांना अल्पशिक्षित मदतनीस, ही विषमता समाजवाद्यांनी मान्य करावी काय? मुळीच करू नये. गरिबाच्या मुलालाही उत्तमातले उत्तम मिळाले पाहिजे. पण अट वाढवून दर्जा वाढत नाही. पदवीधर मुलीला २२५० रुपयांवर बोलावले, तर तीही चार महिन्यांत दुसरी वाट धरेल. दर्जा वाढतो तो पुरेशा वेतनाने, सवेतन प्रशिक्षणाने आणि अनुभवाला शिक्षणाची जोड दिल्याने. अनुभवी मावशीला कामावर ठेवून, तिला वर्षभर शिकवून, तिच्याकडून परीक्षा उत्तीर्ण करून घेणे सरकारला अशक्य नाही. ते करण्याऐवजी दार लावून घेणे सोपे, म्हणून ते लावले जाते.

याच्या जोडीला दुसरे संकट आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडी आणि शाळा जवळ येणार असतील, तर ते चांगलेच आहे. पण ही जवळीक कोणत्या दिशेने होते, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. बालवाडीचा मोकळेपणा पहिली-दुसरीपर्यंत वर चढणार असेल, तर ती प्रगती. पहिलीची अक्षरे आणि पाढे तीन वर्षांच्या पोरावर लादले जाणार असतील, तर तो अत्याचार. शहरांतील खासगी ‘नर्सरी’त तो चालूच आहे. तेथे फीपोटी भरमसाट पैसा जातो आणि मुलांचे नाक पुसणाऱ्या आयाबाईला मानधन या नावाचेही संरक्षण नसते. इकडे अंगणवाडीत मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ आला. नोंदी करता करता मूल बाजूला राहू लागले, आणि महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारचे मोबाईल सरकारला परत केले. त्यांनी यंत्राला विरोध केला नव्हता. निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजीतले ॲप यांविषयी त्यांची तक्रार होती.

आणि पाळणाघरांचे काय? १९४८च्या कारखाने अधिनियमाने स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली. २०१७च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक केले. परंतु ऊसतोड करणारी, वीटभट्टीवर राबणारी, घरोघरी धुणीभांडी करणारी बाई कोणत्या आस्थापनेच्या हजेरीपटावर असते? १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागी मीरा महादेवन यांनी फिरत्या पाळणाघरांचे काम सुरू केले, ते या बाईची मुले वाळूच्या ढिगाऱ्यावर वाढताना पाहवली नाहीत म्हणून. २०२२ नंतर ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढण्याचे धोरण आले आहे. तेथे जादा हात लागणारच. ते हात शाळेच्या चुलीवर तयार झालेले असताना दुसरीकडे कशाला शोधायचे?

मित्रहो, सरकारवर टीका करणे सोपे असते; थोडे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचारी पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. मोर्चे निघाले, भाषणे झाली. त्या भाषणे करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादी सकाळ अंगणवाडीत बसून काढली आहे? शालेय पोषण आहाराच्या बायकांची संघटना वेगळी, अंगणवाडीची वेगळी. मूल तेच, गाव तेच, सरकार तेच. तरी मोर्चे दोन आणि निवेदने दोन. शिवाय, मुलांचा सांभाळ हे बाईच्या जातीचे उपजत काम, त्याला पैसा कसला मागायचा, हा विचार केवळ मंत्रालयात नाही. तो कार्यकर्त्यांच्या घरातही आहे. व्यासपीठावर पाळण्याच्या दोरीचे गोडवे गायचे आणि घरी ती दोरी कधी हाती धरायची नाही, हा दुटप्पीपणा चळवळीला शोभत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. शाळेची मदतनीस आणि अंगणवाडीची मदतनीस या दोघींना कामगार म्हणून मान्यता मिळावी आणि किमान वेतन बाराही महिने मिळावे. शाळेतील सेवेची वर्षे अंगणवाडी व पाळणाघरांच्या नेमणुकीत मोजली जावीत आणि तेवढ्यापुरती वयाची अट शिथिल व्हावी. शिक्षणाची अट नेमणुकीच्या दारात न ठेवता नेमणुकीनंतर सवेतन प्रशिक्षणाने ती पुरी करून घ्यावी. आदिवासी भागात मुलाची बोली येणे हीच पहिली पात्रता मानावी. आणि मदतनिसापासून सेविकेपर्यंत, सेविकेपासून पर्यवेक्षिकेपर्यंत चढण्याची शिडी अखंड असावी, मधल्या पायऱ्या काढून घेतलेली नसावी.

२००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण ही जबाबदारी अनुच्छेद ४५ मध्ये शासनावर सोपवली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. सहाखालच्यांचे मात्र मार्गदर्शक तत्त्वच राहिले. ज्या वयात मूल सर्वाधिक वाढते, त्या वयात त्याला हक्क नाही. आणि त्या वयात जी त्याला वाढवते, तिलाही नाही. हे दोन अन्याय एकाच मुळातून फुटले आहेत आणि ते एकत्रच उपटले पाहिजेत.

पुढच्या महिन्याभरात प्रत्येक कार्यकर्त्याने एक काम करावे. आपल्या गावच्या वा वॉर्डाच्या शाळेत दुपारी जावे आणि खिचडी वाढणाऱ्या मावशीला विचारावे, की तिने किती वर्षे हे काम केले, किती पैसे मिळाले आणि अंगणवाडीत जावेसे वाटले तर आडवे काय येते. उत्तर तिच्या शब्दांत लिहून घ्यावे. अशी पाचशे उत्तरे गोळा झाली, की त्यांचेच एक निवेदन होईल, आणि ते कोणत्याही पंडिताच्या अहवालाहून अधिक बोलके असेल.